चेता, स्नायू आणि बशीतला जोड: प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या कुठल्याही साध्या दवाखान्यात तळपाय बधिर झाल्याची, चालताना चप्पल पायातून निसटत असल्याची, जिना चढताना पायाचा चवडा अडखळत असल्याची तक्रार घेऊन माणसे येतात. डॉक्टर आधी मधुमेहाचा विचार करतात, मग बी-१२च्या कमतरतेचा, दारूचा, कुष्ठरोगाचा. आणि रुग्ण एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात कामाला असेल तर द्रावकांच्या संपर्काचाही. हा क्रम योग्यच आहे, कारण यांतल्या जवळजवळ प्रत्येक कारणावर काही ना काही करता येते. हेक्सेनसारख्या द्रावकाने झालेली इजा संपर्क तुटल्यावर काही आठवडे वाढते आणि मग सावकाश ओसरू लागते. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने बरा होतो. ही सगळी कारणे बाद झाल्यावर मात्र काही माणसे उरतात. त्यांचा पाय लहानपणापासून वारंवार मुरगळलेला असतो, तळव्याची कमान उंच असते, पायाची बोटे आकसलेली आणि पोटऱ्या बारीक झालेल्या असतात. आणि खोदून विचारले तर वडिलांची किंवा आत्याची चालही अशीच होती हे कळते. आनुवंशिक न्यूरोपॅथी म्हणतात ती ही. रुग्णाच्या त्वचेतून किंवा रक्तातून पेशी घ्यायच्या, त्यांच्या मूलपेशी म्हणजे स्टेम सेल बनवायच्या, त्यांपासून चेतापेशी आणि स्नायू घडवायचे, आणि दोघे जिथे भेटतात तो जोड प्रयोगशाळेतल्या बशीत उभा करून तो कसा बिघडतो ते पाहायचे, ही या आजाराकडे जाणारी एक आडवाट आहे आणि प्रस्तुत पुस्तकाचा विषय तीच आहे. या विद्येबद्दल बोलताना सूक्ष्मदर्शके, चिप आणि यंत्रे यांचेच कौतुक जास्त होते. माझे म्हणणे वेगळे आहे. बशीतल्या या प्रतिरूपाला किती किंमत द्यायची हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: ते कुणाच्या पेशींपासून बनले, आणि त्या माणसाला दवाखान्यात किती नीट तपासले गेले. हे खरे असेल तर या विद्येतले निम्मे काम परळ-कुलाब्याच्या किंवा बोस्टनच्या प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच कल्याणच्या पलीकडे सुरू होते.

आजाराची ओळख जुनी आहे. १८८६ साली पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडात हॉवर्ड हेन्री टूथ यांनी, पायांपासून सुरू होऊन हातांकडे सरकणाऱ्या या कौटुंबिक दुर्बलतेचे वर्णन केले; म्हणून शार्को-मारी-टूथ हे लांबलचक नाव. डॉक्टर मंडळी त्याला सरळ सीएमटी म्हणतात. १९७४ साली पश्चिम नॉर्वेत झालेल्या पाहणीवरून अडीच हजारांत एक असे त्याचे प्रमाण काढले गेले आणि पाठ्यपुस्तकांत तोच आकडा आजवर वापरला जातो. २०११च्या जनगणनेत आपल्या तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती. नॉर्वेचे प्रमाण इथे जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे, पण केवळ अंदाजासाठी लावलेच तर या पट्ट्यात साडेतीनशेच्या आसपास रुग्ण निघतात. दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा इतका हा आकडा लहान नाही. मात्र यांतले किती जण मधुमेहाच्या, जुन्या पोलिओच्या किंवा कुष्ठरोगाच्या खात्यात जमा होत असतील हा प्रश्न उरतो. सीएमटीच्या एका प्रकारात नसा जाड होऊन कातडीखाली हाताला लागतात, आणि आपल्याकडे जाड नस म्हटले की कुष्ठरोग आठवणे हे चांगल्या प्रशिक्षणाचेच लक्षण आहे.

सीएमटीची मुख्य घराणी दोन. चेतापेशीच्या लांब धाग्याभोवती श्वान पेशी मायलिनचे वेटोळे घालतात. त्यामुळे संदेश धाग्यावरून सलग सरपटत न जाता मायलिनमधल्या मोकळ्या जागांवरून उड्या घेत जातो, जशी जलद लोकल मधली स्टेशने सोडत ठाण्याहून कल्याण गाठते. पहिल्या घराण्यात हे आवरणच बिघडते आणि जलदची धीमी होते: निरोगी हातात सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून वेगाने धावणारा संदेश ३८ मीटरच्या खाली येतो. दुसऱ्या घराण्यात आवरण ठीक असते, पण आतला धागाच झिजतो. वेग फारसा घटत नाही, संदेशाचे बळ घटते. ३८ मीटरची ही सीमारेषा आजही नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसांतला वेग मोजणाऱ्या तपासणीच्या, अहवालात वापरली जाते. जनुकांचा पत्ता लागला तो १९९१ साली. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्राचा सुमारे पंधरा लाख अक्षरांचा तुकडा दुप्पट झालेला असतो आणि त्यातल्या पीएमपी२२ या जनुकाच्या दोन प्रतींऐवजी तीन होतात. जनुक निर्दोष आहे, फक्त एक प्रत जास्त आहे, आणि एवढ्यानेच आयुष्यभराची चाल बदलते. त्यानंतर शंभराहून अधिक जनुके या यादीत आली. त्यांची कामेही एकमेकांशी न जुळणारी: कुणी मायलिनचे प्रथिन बनवते, कुणी पेशीतल्या मायटोकाँड्रियांना एकमेकांत मिसळू देते, कुणी प्रथिने तयार होताना अमिनो आम्ल उचलून देते. इतक्या वेगवेगळ्या चुकांमधून लुळे पाऊल मात्र एकच का निघते, हा या क्षेत्राचा मूळ प्रश्न आहे. एक उत्तर लांबीत सापडते. पाठीच्या कण्यातून निघून पावलाच्या स्नायूपर्यंत जाणारा धागा उंच माणसात जवळजवळ एक मीटर असतो आणि त्याच्या टोकाला लागणारा बराचसा माल वरून वाहून न्यावा लागतो. या वाहतुकीचा अभ्यास मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका आणि त्यांचे सहकारी एका सूत्रकृमीच्या चेतापेशींमध्ये करत आले आहेत. चेतापेशीच्या कारभारातले कुठलेही बिनसलेपण आधी सर्वांत लांबच्या टोकाला जाणवणार, हे त्यातून समजते.

ते टोक म्हणजे चेता-स्नायू जोड. मराठी वाचकाला हा जोड वाटतो तितका अपरिचित नाही. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होतात आणि पुढे श्वास थांबतो, कारण तिचे विष याच जोडावर घाव घालते. कीटकनाशक पोटात गेल्यावर स्नायू फडफडतात आणि मग निकामी होतात तेही बऱ्याच अंशी इथेच, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे इथला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या पुसून टाकणारे विकर बंद पाडतात. चेतातंतूचे टोक आणि स्नायू यांत प्रत्यक्ष स्पर्श नसतो. मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट असते आणि टोकातून सुटलेले अ‍ॅसिटिलकोलीन ती ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांना चिकटते. क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात क्युरारे या बाणविषाने ही जागा हेरली. तो निरोप रासायनिक असतो हे दाखवणाऱ्या ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६चे नोबेल मिळाले. निरोप ठरावीक आकाराच्या पुड्यांतूनच सुटतो हे शोधणाऱ्या बर्नार्ड कात्स यांना १९७०चे. जोड बनतो कसा याचे उत्तर नंतर आले: चेतातंतू अ‍ॅग्रिन नावाचे प्रथिन सोडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर स्नायू आपले ग्राहक त्या एका ठिकाणी गोळा करून धरतो. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत बशीत जोड तयार झाला की नाही हे पाहायचे असेल तर बहुधा बंगारोटॉक्सिन वापरतात. रंगद्रव्य जोडलेले हे विष ग्राहकांना घट्ट चिकटते आणि ते चमकू लागतात. ते मिळते तैवानकडच्या पट्टेरी मण्यारीपासून, म्हणजे आपल्या मण्यारीच्या चुलत बहिणीकडून.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. दोष मायलिनमध्ये किंवा लांब धाग्यात असेल तर जोडाकडे पाहायचे कशाला? सीएमटी हा जोडाचा आजार नाही. मायस्थेनियासारखे जोडाचे आजार वेगळेच असतात. याचे एक उत्तर असे की जोड हा साऱ्या साखळीचा निकाल असतो. स्नायू आखडला की चेतापेशी, तिचा धागा, वाहतूक, पुड्या आणि ग्राहक हे सगळे एकाच वेळी तपासून होते. एकट्या चेतापेशीची बशी हे सांगू शकत नाही. दुसरे उत्तर पुराव्याचे आहे. गार्स या जनुकातल्या दोषाने होणाऱ्या सीएमटीच्या उंदरांत जोड अपरिपक्व राहतात आणि निरोप नीट सुटत नाही हे दाखवले गेले आहे. हे जनुक ग्लायसिन हे अमिनो आम्ल त्याच्या वाहक टीआरएनएवर चढवते. सदोष विकर त्या वाहकाला पकडून ठेवते आणि सोडत नाही, त्यामुळे प्रथिनांची बांधणी अडते. वाहकाची संख्या वाढवली की उंदीर सुधारतात, हे २०२१ साली पुढे आले. एवढे सांगूनही आक्षेपाचा एक भाग उरतोच, आणि तो मान्य करायला हवा. सर्वांत जास्त आढळणाऱ्या पीएमपी२२च्या प्रकारात गुन्हेगार श्वान पेशी आहे. ज्या बशीत केवळ चेतापेशी आणि स्नायू आहेत आणि श्वान पेशी नाहीत, ती या प्रकाराबद्दल जवळपास मुकी आहे. मूलपेशींपासून माणसाच्या श्वान पेशी घडवून त्यांच्याकडून बशीत व्यवस्थित मायलिन घालून घेणे आजही अवघड जाते. शोधनिबंधांची चकचकीत छायाचित्रे पाहताना वाचकाने आधी विचारावे की यात श्वान पेशी आहेत का.

दुसरा आक्षेप उंदराचा कैवार घेणारा. उंदरात पूर्ण मज्जातंतू आहे, पूर्ण पाय आहे, चाल आहे. मग बशी कशाला? याचे उत्तर क जीवनसत्त्वाच्या कहाणीत मिळते. २००४ साली पीएमपी२२च्या उंदरांना क जीवनसत्त्वाने लक्षणीय गुण आल्याचे प्रसिद्ध झाले. औषध स्वस्त, परिचित, निर्धोक. त्यामुळे फ्रान्स, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, इटली, ब्रिटन आणि अमेरिका इथे एकामागून एक चाचण्या झाल्या. २०१३पर्यंत चित्र स्पष्ट झाले: माणसांत फायदा दिसला नाही. चुकीचे कुणी काही केले नव्हते. उंदराचा धागा काही सेंटिमीटरचा, आयुष्य दोन-तीन वर्षांचे, आणि जोडसुद्धा माणसासारखा नाही. शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मानवी ऊतींचा अभ्यास करून २०१७ साली एडिंबरातल्या गटाने दाखवले की माणसाचे जोड उंदराच्या जोडांपेक्षा लहान, तुटक ठिपक्यांसारखे असतात आणि वयाबरोबर फारसे बदलत नाहीत. इथे मात्र बशीच्या समर्थकांनी छाती फुगवू नये. माणसाच्या पेशींच्या बशीने क जीवनसत्त्वाचे अपयश आधी ओळखले असते याचा पुरावा कुणाकडेही नाही. म्हणता येते ते एवढेच की उंदीर आणि बशी यांच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, आणि दोघांनीही होकार दिलेल्या औषधावर रुग्णांची वर्षे खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.

बशीत चेतातंतू वाढवण्याची कल्पना १९०७ची. रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणाचा तुकडा लसिकेच्या थेंबात टांगून ठेवला आणि त्यातून धागा फुटताना प्रत्यक्ष पाहिला. ऊतिसंवर्धनाची सारी विद्या तिथून निघाली. १९८७ साली मायोडी या एकाच जनुकाच्या जोरावर साध्या संयोजी पेशीला स्नायूपेशी बनवता येते हे कळले. १९९८ साली जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्या आणि लगेच नैतिक वादळ उठले. त्या वादात ऑगस्ट २००१मध्ये अमेरिकी सरकारने ज्या मोजक्या पेशीमालिकांवर सरकारी पैशाने संशोधन करायला परवानगी दिली, त्यांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बेंगळुरूच्या एनसीबीएसच्या तीन मालिका होत्या. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला आठवत नाही. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतही किंड१ आणि किंड२ या मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या मालिका तयार झाल्या. पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र तर १९८६पासून, सुरुवातीला पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून, पेशी वाढवण्याचे काम करत आले आहे. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आली नव्हती असे नाही. ती आनुवंशिक न्यूरोपॅथीच्या रुग्णांपर्यंत पोहोचली नाही. २००२ साली उंदराच्या मूलपेशींना रेटिनॉइक आम्ल आणि आणखी एक भ्रूणीय संकेत क्रमाने देऊन त्यांना चेष्टापेशींच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या, मार्गावर नेता येते हे दिसले. मग आले शिन्या यामानाका. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या पेशीत चार जनुके घालून त्यांनी ती पुन्हा मूलपेशीसारखी केली. भ्रूणाचा प्रश्न त्याने बराचसा मागे पडला, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठा बदल असा झाला की पेशीला आता मालक मिळाला. भ्रूणाच्या मूलपेशींना आजाराचा इतिहास नव्हता. या नव्या, प्रेरित मूलपेशींमागे चालता-अडखळता एक माणूस आहे, त्याचा ईएमजी म्हणजे स्नायूंच्या विद्युत-हालचालींचा आलेख आहे, त्याची वंशावळ आहे.

या पायावर आज ज्या शाखा उभ्या आहेत त्यांत एकमत नाही, आणि असण्याची गरजही नाही. सपाट बशीत दोन्ही पेशी शेजारी वाढवणाऱ्यांचा गट सर्वांत जुना. स्वस्त आणि जलद, पण तिथले जोड कोवळे राहतात आणि स्नायू आखडून आखडून बशीपासून सुटून जातो. चिपवाल्यांनी रॉबर्ट कँपनो यांच्या १९७७च्या युक्तीला नवे रूप दिले: चेतापेशींची शरीरे एका कप्प्यात, स्नायू दुसऱ्यात, आणि मधल्या केसाहून बारीक नळ्यांतून फक्त धागे पलीकडे जातात. त्यामुळे औषध नेमके धाग्याच्या टोकाला द्यायचे की शरीराला हे वेगळे करता येते, आणि लांबीचा प्रश्न निदान विचारता तरी येतो. तिसरा गट ऑर्गनॉइडवाल्यांचा. बर्लिनमधल्या मीना गौटी यांच्या गटाने २०२० साली मूलपेशींना एकत्रच वाढू देऊन पाठीच्या कण्याचा भाग आणि स्नायू एकाच गोळ्यात स्वतःहून मांडले जातात, त्यात जोड होतात आणि त्या जोडांवर श्वान पेशीही येतात, हे दाखवले. गोळ्यातली व्यवस्था सुंदर असते आणि तिचे मोजमाप तितकेच कठीण. प्रत्येक गोळा वेगळा निघतो. माझे मत विचाराल तर सीएमटीसाठी कप्प्यांची चिप तूर्त अधिक उपयोगी आहे, कारण तिथे आकडा मिळतो: प्रकाशाने चेतापेशी चेतवली तर स्नायू किती वेळा आखडला, किती उशिराने, किती वेळाने थकला. चिपची पत बाहेरही वाढते आहे. २०२२ साली एका आत्मप्रतिकारक न्यूरोपॅथीच्या औषधाला मानवी चाचणीची परवानगी मिळताना परिणामकारकतेचा पुरावा चेतापेशी आणि श्वान पेशींच्या चिपमधून घेतलेला होता. आपल्या देशातही मार्च २०२३मध्ये औषध-चाचणी नियमांत बदल होऊन प्राण्यांवरील प्रयोगांच्या जोडीला किंवा जागी अशा पद्धतींना वाट मिळाली.

तिसरा आक्षेप वयाचा आहे आणि तज्ज्ञही तोच आधी काढतात. मूलपेशींपासून घडलेल्या पेशी गर्भातल्या वयाच्या असतात. सीएमटीची लक्षणे मात्र बहुधा पहिल्या-दुसऱ्या दशकात उमटतात. नवजात जोडात चौदा-पंधरा वर्षांचा आजार कसा दिसणार? ग्राहकाच्या एका घटकात याचे अंशतः उत्तर आहे. गर्भात स्नायूवरच्या ग्राहकात गॅमा नावाचा घटक असतो आणि जन्माच्या सुमारास त्याची जागा एप्सिलॉन घेतो. २०१९ साली टोरोंटोच्या गटाने मानवी स्नायू त्रिमितीय साच्यात ताणून वाढवला आणि त्यावर मूलपेशींपासून केलेल्या चेतापेशी सोडल्या, तेव्हा ही अदलाबदल बशीतच घडली. सपाट बशीत ती होत नव्हती. म्हणजे कोवळेपणाचा काही भाग आपल्याच घाईचा आणि सपाट प्लास्टिकचा आहे. उरलेला भाग खरा आहे. एक मीटरची लांबी अजून कुणीही बशीत आणलेली नाही. पण आजाराची पहिली चूक लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होत असावी, आणि ती पकडायची तर कोवळ्या पेशी अगदीच निरुपयोगी ठरत नाहीत. शिवाय जनुकसंपादनाने एक गोष्ट साधते जी रुग्णात कधीच साधणार नाही: त्याच माणसाची पेशी घ्यायची, फक्त सदोष अक्षर दुरुस्त करायचे आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. दोन माणसांमधला फरक बाजूला पडतो आणि एका अक्षराचा परिणाम उघडा होतो. अशी जोडी नसलेल्या प्रयोगांवर मी तरी फारसा विश्वास ठेवणार नाही.

कुणाच्या पेशी, हा प्रश्न आता टाळता येत नाही. एप्सिलॉन घटकाच्या जनुकातच एक अक्षर गळाल्याने होणारा जन्मजात मायस्थेनिया युरोपातल्या रोमा लोकांमध्ये ठिकठिकाणी आढळतो. २००४ साली दिसून आले की तोच दोष, आजूबाजूच्या गुणसूत्राच्या त्याच ठशासह, भारत आणि पाकिस्तानातल्या रुग्णांतही आहे. रोमांच्या भारतीय मुळाचा तो सबळ पुरावा ठरला. विस्थापन झाले, शतके गेली, भाषा बदलल्या, तरी जोडातला दोष सोबत प्रवास करत राहिला. मुंबईत सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातून आलेल्या कुटुंबांमध्ये जीएनई मायोपॅथी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराच्या एका समाईक मूळ दोषाचा माग असाच काढला. उल्हासनगर १९४७नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत वसवले. कॅम्प एक ते पाच ही नावे आजही चालतात. सिंधी समाजात थॅलसेमियाचा एक ठरावीक दोष, ६१९ अक्षरांचा लोप, अधिक आढळतो हे माहीत आहे, आणि ते माहीत असल्यामुळेच तपासणी स्वस्त व नेमकी होते. जातीत लग्न करणाऱ्या इथल्या आगरी, कोळी, मराठा, बौद्ध, मुस्लिम अशा साऱ्या समाजांना हेच तर्कशास्त्र लागू आहे; कुणा एकाला बोट दाखवण्याचा यात हेतू नाही. मुद्दा असा की युरोपात चार-पाच जनुकांवरच बहुतेक निदान होते, आणि आपल्याकडे आई-वडील दोघांकडून एकेक दोष येणारे प्रकार अधिक असण्याची शक्यता असूनही आपल्या बशा मात्र तिकडच्याच लोकांच्या पेशींच्या आहेत. २०२०मध्ये सापडलेले सॉर्ड हे जनुक पाहा. दोन्हीकडून येणाऱ्या न्यूरोपॅथीचे ते जगभरातले एक प्रमुख कारण निघाले, पण शेजारीच बसलेल्या त्याच्या निकामी जुळ्या प्रतीत तोच दोष कायमचा असल्याने यंत्रांना खरे-खोटे वेगळे करता येत नव्हते आणि तो वर्षानुवर्षे नजरेतून सुटत राहिला. या दोषात पेशीत सॉर्बिटॉल साठते. ते कमी करणारे एपलरेस्टॅट हे औषध आपल्याकडे मधुमेही न्यूरोपॅथीसाठी दुकानात मिळते, आणि सॉर्ड रुग्णांच्या पेशींत व फळमाशीत त्या जातीच्या औषधांचा परिणाम दिसला आहे. म्हणून कुणी ते आपल्या मनाने घेऊ नये. पण निदान नेमके असेल तर उपचाराची वाट किती जवळून निघू शकते, हे यातून कळते. २०२५च्या जानेवारीत खुला झालेला दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचा जीनोमइंडिया साठा इथे कामाला येईल, पण तो निरोगी लोकांचा आहे. आजारी कुटुंबे शोधावी लागतील ती दवाखान्यातच.

शेवटचा आक्षेप अग्रक्रमाचा. ज्या शहरांतून न्यूरॉलॉजिस्ट गाठायला सायन, केईएम किंवा जेजेपर्यंत लोकल धरावी लागते, तिथे बशीतल्या जोडांची चर्चा म्हणजे चैन नव्हे काय? क्षयरोग आहे, मधुमेह आहे, वालधुनी नदीचे पाणी आहे. हे सगळे खरे आहे आणि यातले काहीही थांबवून हे करा असे पुस्तक म्हणत नाही. पण या विद्येची पहिली पायरी म्हणजे पायाची कमान पाहणे, वंशावळ लिहिणे, नर्व्ह कंडक्शन नीट करून घेणे. आणि हीच पायरी मधुमेही आणि द्रावकबाधित रुग्णालाही उपयोगी पडते. अज्ञानाची किंमत दुसऱ्या बाजूनेही मोजावी लागते. मूलपेशी हा शब्द घेऊन इंजेक्शने विकणारे बरेच आहेत. रक्ताच्या काही आजारांतले अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण सोडले तर इतर वापर ही चाचणी आहे, उपचार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. २००७च्या तत्त्वांच्या नावात असलेला उपचार हा शब्द २०१३मध्ये मुद्दाम काढून टाकला गेला. या पुस्तकातल्या पेशी कुणाच्याही अंगात टोचण्यासाठी नाहीत. त्या प्रश्न विचारण्यासाठी आहेत, आणि हा फरक ज्याला कळला त्याचे लाखभर रुपये तरी वाचतील.

पुस्तकाचा वाचक म्हणून लेखकाच्या डोळ्यांसमोर आहेत ते उल्हासनगर-अंबरनाथच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी, या पट्ट्यातले फॅमिली डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, आणि ज्यांच्या घरात ही चाल पिढ्यान्‌पिढ्या आली आहे ती कुटुंबे. तिघांना एकाच भाषेत सांगणे सोपे नव्हते. त्यामुळे काही प्रकरणे विद्यार्थ्याला सैल वाटतील आणि काही कुटुंबाला जड. घरी मूलपेशी वाढवण्याची कृती यात नाही, आणि आश्वासनही नाही. प्रत्येक प्रतिरूप मांडताना ते काय सांगू शकत नाही हे आधी सांगण्याची शिस्त मात्र लेखकाने शेवटपर्यंत पाळली आहे. संमतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते मागे असले तरी मी आधी वाचायला सांगेन. दोन चमचे रक्त देणाऱ्या माणसाची पेशीमालिका त्याच्या नंतरही जगते, गोठवली जाते, परदेशी पाठवली जाते, विकली जाऊ शकते; आणि तिच्यातून त्याच्या न जन्मलेल्या नातवंडांबद्दलही माहिती निघते. सिंधी, मराठी किंवा हिंदीत अर्ध्या पानाच्या संमतिपत्रावर हे सगळे कसे सांगायचे, आणि सात वर्षांनी त्याच पेशीतून दुसराच एखादा दोष सापडला तर त्या कुटुंबाला कळवायचे की नाही, कुणी, आणि मुलीचे लग्न ठरत असताना की नंतर, यावर आज प्रयोगशाळांचेही एकमत नाही. लेखकाने आपले मत तिथे स्पष्ट लिहिले आहे. मला ते पूर्ण पटलेले नाही.